मागच्या भिंतीतला पाइप

पहिला पाइप सलोनीला बसंतीबाईच्या घरात दिसला, तेव्हा तिने तो गवंड्याची चूक समजून वहीत टिपून ठेवला : मागची भिंत, चार इंची पाइपाचा तुकडा, बुजवून घेणे.

घरकुलांची पाहणी करणं ही तिची कंत्राटी नोकरी. यवतमाळच्या पॉलिटेक्निकमधून सिव्हिल करून निघाली, नि वर्षभर वाट पाहिल्यावर उमरखेड तालुक्यात लागली. आईवडील लोहाऱ्याला, वडील तिथल्या एमआयडीसीत दालमिलमध्ये. ही इकडे भाड्याच्या खोलीत. रोज सकाळी स्कूटी काढायची, ढाणकीच्या पुढची गावं-तांडे पालथे घालायचे, जोतं झालं की फोटो, छत पडलं की फोटो, रंग लागला की फोटो. सगळ्या घरांचा नकाशा एकच. पुढे एक खोली, मागे एक खोली, बाजूला संडास-बाथरूम.

पण नकाशा एक असला तरी माणसं त्यात कुठे ना कुठे आपला हात घालतातच, हे सलोनीने पहिल्या दोन महिन्यांतच ओळखलं होतं. ढाणकीजवळच्या एका गावात एकाने पुढचं दार अर्धा फूट रुंद करून घेतलं होतं. का, तर कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन बाई सरळ आत शिरली पाहिजे. दुसऱ्याने वर मजला नसताना जिना बांधला होता. उन्हाळ्यात वर झोपता येतं आणि पापड-कुरड्यांचं वाळवण कोंबड्यांपासून वाचतं. आणि स्वयंपाकघर? तिथे तर निम्म्या घरांत छतापर्यंत सोयाबीनची पोती आणि चूल बाहेर अंगणात. असं काही दिसलं की ती वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची. साहेबांना दाखवायला नाही, स्वतःसाठीच. लहानपणापासूनची खोड होती तिची. कुणाच्या घरी गेली की पाण्याचा माठ कुठे ठेवलाय आणि तिथेच का, हे तिला आधी दिसायचं.

मोहदरी तांड्यावर ती सोयाबीन काढणीच्या दिवसांत आली. अकरा घरकुलं पूर्ण झाली होती, बाराव्याचं काम सुरूच नव्हतं. तांडा दोन ओळींत होता. एका बाजूला सहा घरं, दुसऱ्या बाजूला पाच, मधे भलीमोठी मोकळी जागा. घरांची तोंडं मात्र बाहेरच्या सिमेंट रस्त्यांकडे आणि पाठी मधल्या जागेकडे. वरच्या टोकाला एक जुनं मातीचं घर तेवढं उरलं होतं. यादीतल्या बाराव्या नावाचं घर तेच.

"हा पाइप कशाले ठेवला, काकू?" तिने बसंतीबाईला विचारलं.

बसंतीबाई पन्नाशीची, अंगाने थोराड बाई. चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. गॅस ओट्यावर होता, पण भाकरीला चूलच. "उजेडाले," ती म्हणाली.

"बाजूले खिडकी हाय की एवढी."

"मंग हवेले." आणि तिने भाकरी अशी काही जोरात थापली की पुढचं विचारायची सलोनीला हिंमतच झाली नाही.

शेजारच्या घरात रामधन होता. त्याच्याही मागच्या भिंतीत तसाच पाइप. "मांजरीले ठेवला," तो म्हणाला.

"चार इंचातून मांजर जाते?"

"बारकी हाये," रामधन म्हणाला आणि बाजेवर बसलेल्या आपल्या म्हाताऱ्या बापाकडे पाहू लागला. म्हातारा बोळक्या तोंडाने हसला. मांजर काही दिसली नाही.

तिसऱ्या घरात डिशच्या वायरसाठी होता. छतावर डिश नव्हती. चौथ्या घरात उंदराने केला होता. उंदराने पीव्हीसीचा पाइप आणून सिमेंटात बसवला, असं सलोनीने म्हणून दाखवलं तेव्हा घरातल्या पोरी तोंडाला ओढणी लावून आत पळाल्या. अकराही घरं झाली. अकराही घरांत पाइप, आणि दोन घरांचं एक उत्तर नाही.

तिने फोटो पाठवले. दुपारीच साहेबांचा फोन आला. "मागच्या भिंतीत ही भोकं कसली? बुजवून घ्या, मग पूर्ण दाखवा."

बुजवणं म्हणजे दहा मिनिटांचं काम. मूठभर सिमेंट कालवलं की झालं. पण संध्याकाळी खोलीवर चहा घेत फोटो पाहताना तिच्या लक्षात आलं, की पाइप एका उंचीवर नाहीत. बसंतीबाईकडे गुडघ्याच्या थोडा वर. रामधनकडे कमरेएवढा. एका घरात तर उभ्या माणसाच्या डोळ्यांइतका. गवंड्याची चूक असती तर सगळीकडे सारखी झाली असती. त्यातही एकसुद्धा पाइप भिंतीत सरळ बसवलेला नव्हता. एका ओळीतले सगळे डावीकडे तिरपे, दुसऱ्या ओळीतले उजवीकडे. पाणी बाहेर पडायला उतार देतात तसं खालीही नाही, आडवे तिरपे. इतकं जपून कोणी चूक करतं का?

दोन दिवसांनी ती पुन्हा गेली. पाइप कोणी बुजवला नव्हता, ते अपेक्षितच होतं. बसंतीबाईने मात्र या वेळी "आव, बेस" म्हणून पाट सरकवला आणि चहा ठेवला. सलोनी पाटावर न बसता चुलीजवळ जमिनीवर टेकली. आणि टेकली तर काय, पाइप बरोब्बर तिच्या डोळ्यांसमोर आला.

तिने डोळा लावला. मधली मोकळी जागा, लिंबाच्या खोडाची एक कड, आणि त्यापलीकडे वरच्या टोकाच्या मातीच्या घराचं निळं दार. दुसरं काही नाही. दारापुढे एक शेळी बांधलेली.

"काकू, ते घर कोणाचं?"

"चहा घे, थंडा होते," बसंतीबाई म्हणाली.

सलोनीने चहा एका घोटात संपवला आणि ती रामधनकडे गेली. रामधन शेतात होता. तिने म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, तुमच्या बाजेवर बसू का थोडं?" म्हातारा सरकला. बाजेवर बसल्यावर पाइप डोळ्यांसमोर. निळं दार. तिसऱ्या घरात घरधनीण उभी राहून ओट्यावर भांडी घासायची; ओट्यापाशी उभं राहिल्यावर निळं दार. पलीकडच्या ओळीत एका घरी पाइप फारच खाली होता. तिथे तिला जमिनीवर आडवं व्हावं लागलं, कारण त्या घरातली तान्ह्या पोराची आई भिंतीशी पथारी टाकून असायची. गोधडीवर कुशीवर पडून सलोनीने पाहिलं. निळं दार, शेळी, आणि आता दारातून बाहेर येणारी एक वाकलेली म्हातारी, हातात लोटा.

सलोनी उठून बसली. तिला हसू येत होतं. अकरा घरांत कोण कुठे बसतं, कुठे उभं राहतं, कुठे झोपतं, हे त्या पाइपांच्या उंचीवरून कळत होतं. असा नकाशा तिला पॉलिटेक्निकमध्ये कोणी शिकवला नव्हता. पण एका म्हातारीच्या दाराकडे सगळ्या तांड्याने असे डोळे का लावावेत?

तांड्यातली सगळी घरं बांधली होती किसनसिंगने. तो तिला तांड्याबाहेर, पाण्याच्या टाकीपलीकडे त्याच्याच घरापुढे सापडला. साठीकडे झुकलेला, हातांच्या बोटांवर सिमेंटच्या भेगा. फावडं धुऊन भिंतीला लावत होता.

"मामा, मले त्या पाइपाबद्दल खरं सांगा," ती म्हणाली. "उजेड, मांजर, उंदीर सगळं ऐकून झालं माह्यं."

किसनसिंग हसला नाही. "बुजवाले लावता का?"

"साहेब म्हणतात बुजवा. पण मले आधी समजलं पाहिजे. मी सगळ्या घरांतून पाह्यलं. ते निळं दार कायले पाहता तुम्ही?"

त्याने तिला बाज ओढून दिली. स्वतः दगडावर बसला. तंबाखू मळता मळता बोलू लागला.

"पयले आमच्या तांड्यात सगळ्यायची दारं आत होती. त्या मधल्या जागेकडे. सकाळी दार उघडलं की तुमचं तोंड आधी शेजाऱ्यालेच दिसे. कोणाच्या घरी पाहुणा आला, कोण रुसून बसलं, कोणाची चूल पेटली नाई, विचाराचं काम नोहतं. मग घरकुलं आली. रस्ते झाले बाहेरून. आमाले वाटलं, आपलं घर बी ढाणकीतल्यावाणी रस्त्याले तोंड करून पाह्यजे. गाडी दारापुढं उभी राह्यली पाह्यजे. कोणी जबरदस्ती नाई केली बरं. आमचीच हौस. मीच बांधली सगळी. पाठी आत, तोंडं बाहेर."

"आणि ते जुनं घर?"

"हंसाबाईचं. तिचं तेवढं राह्यलं. तिचा एक पोरगा हैदराबादेत असते, दुसरं कोणी नाई." तो थांबला. "मागच्या थंडीत अर्धा तांडा ऊस तोडाले गेलता. हंसाबाई रांजणापाशी घसरली. पाय मुरगळला, उठता येईना. दीड दिवस पडून होती बाई. दीड दिवस! आणि आमी पाच-सहा घरचे लोक इथंच होतो. भिंतीपलीकडे. शेळीचं दूध काढलं नोहतं, ती ओरडून राह्यली होती, म्हणून मी गेलो पाहाले. मले वाटलं शेळी फसली कुठं."

किसनसिंगने मळलेली तंबाखू तोंडात टाकली.

"पाणी पाजलं, उठवलं. तर पयली गोष्ट काय बोलली? 'कोणाले सांगू नको, पोरगा घेऊन जाईल मले.' तिले हैदराबादेत नाई राहाचं. एकदा गेलती, महिनाभरात पळून आली. म्हणून मी तिले म्हटलं, नाई सांगत. आणि घरोघरी जाऊन सांगितलं." किसनसिंगच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं हसू आलं. "भिंती मीच बांधल्या होत्या. पाडता त येत नाई. मंग ढाणकीहून पाइप आणला. ज्या घरात जो सकाळी पयले उठते, त्याले म्हटलं, बस तुह्या जागेवर. तो बसला की त्याच्या डोळ्यासमोर पेनानं खूण केली आणि भिंत फोडली. तिले माहीत नाई पडलं पाह्यजे, म्हणून कोणी बोलत नाई. तिले वाटंल आपल्यावर पहारा बसवला."

"तिच्या अजून लक्षात नाही आलं?"

"छ्या. तिले दोन हातांवरचं दिसत नाई."

हंसाबाईकडे जायला सलोनीकडे कारण होतंच. तिचं घरकुल मंजूर होऊन महिने झाले होते आणि काम सुरू नव्हतं. म्हातारी दारात शेंगा फोडत बसली होती. कोपरापर्यंत जुन्या पांढऱ्या बांगड्या, चेहऱ्यावर बारीक बारीक सुरकुत्या. सलोनीने नाव-गाव सांगितलं.

"लोहाऱ्याची काय? बस. घराचं विचाराले आली असशील."

"हो आजी. काम काहून सुरू नाही केलं?"

"पोरगा म्हणते, दार रस्त्याकडं कर. फोनवर नकाशा काढून पाठवला त्यानं. मी म्हटलं, दार हाये तिथंच राहील. त्याच्यावरून अडलं." तिने शेंगेचं टरफल शेळीपुढे टाकलं. "त्याले समजत नाई. माहं दार हललं तर त्या अकरा लोकायनं काय करावं? पुन्हा भिंती फोडाव्या का?"

सलोनी पुढे सरकली. "आजी, तुम्हाले माहीत हाये?"

"मले दिसत नाई, ऐकू त येते ना व! किसनसिंग अकरा घरच्या भिंती फोडते, ठाक ठाक ठाक, आणि मले कळणार नाई?" म्हातारी खुदखुदली. "सुरुवातीले राग आला. वाटलं, मी का चोर हाओ? मंग एक दिवस म्हटलं, पाहू तरी. मुद्दाम उठली नाई. दार लावून पडून राह्यली. उन्हं कौलावर आली असतील नसतील, बसंती आली. काडीपेटी मागाले! तिच्या घरी गॅसचा लायटर. मागून रामधन, शेळीले पाला घेऊन. मंग त्या पलीकडच्या ओळीतली ओली बाळंतीण, पोराले घेऊन. म्हणे दृष्ट काढून द्या. एवढ्या सकाळी कोणाची दृष्ट लागते, सांग मले?"

दोघी हसत सुटल्या. हसता हसता म्हातारीने पदराने डोळे पुसले.

"तवापासून मी सकाळी उठली की दारात उभी राहून चूळ भरते. जरा जोरानंच. म्हटलं, सगळ्यायले दिसलं पाह्यजे. मंग आपापल्या कामाले लागतात बिचारे."

"त्यांना सांगत काहून नाही, की तुम्हाले माहीत हाये म्हणून?"

"कायले? त्यायले वाटू दे ना. कोणी आपल्यासाठी एवढं लपवून करते, त त्याचं लपलेलंच राहू द्यावं."

त्या दिवशी सलोनी परत निघाली तेव्हा तांड्याच्या तोंडाशी थांबली आणि मागे वळून नुसती पाहत राहिली. रस्त्यावरून पाहिलं तर अकरा सारखी घरं. पिवळा रंग, निळ्या खिडक्या, दारावर योजनेची पाटी. यातलं काही म्हणजे काही बाहेरून कळत नव्हतं. लोहाऱ्याला त्यांच्या चाळीत आई दुपारी शिलाईचं मशीन नेहमी दाराच्या उजव्या कोपऱ्यात लावायची, तिथे उजेड कमी असूनही. का, हे सलोनीने कधी विचारलं नव्हतं. तिने तिथूनच आईला फोन लावला.

"त्या कोपऱ्यातून नळावरची रांग दिसते ना," आई म्हणाली. "काहून? आज हे कायले आठवलं?"

"असंच," सलोनी म्हणाली आणि वहीच्या मागच्या पानावर तेही लिहून ठेवलं.

ऑफिसात तिने शेऱ्याच्या रकान्यात 'वायुवीजनासाठी पाइप' असं लिहिलं. साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला. "गुडघ्याएवढ्या उंचीवर वायुवीजन?"

"तिथे लोक खाली बसतात, सर. चूलही खालीच."

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही पाहिलंत स्वतः?"

"सगळ्या घरांत बसून पाहिलं, सर. एका घरी तर झोपून."

हे खरंच होतं, त्यामुळे तिला सांगताना अडखळायला झालं नाही. साहेबांनी मान हलवली आणि अकरा घरं पूर्ण म्हणून पुढे गेली.

राहिलं हंसाबाईचं घर. तिच्या पोराशी सलोनीनेच फोनवर बोलणं केलं. तो आधी हट्टालाच पेटला. रस्ता सोडून मागे दार कोण करतं, लोक हसतील, म्हणाला. सलोनीने त्याला पाइपाचं काही सांगितलं नाही, ते तिचं सांगायचं नव्हतं. इतकंच म्हणाली, "दादा, त्या दारापुढे चाळीस वर्षं पायांना सवय झालीये त्यांच्या. दिसतंही कमी. दार फिरवलं तर पहिल्याच आठवड्यात पडतील." मग तो म्हणाला, "ठीक हाये मॅडम. याडी म्हणते तसं करा. आईच ती, ऐकावंच लागते."

दसरा झाल्यावर, ऊसतोडीचे ट्रक यायच्या आधी, चुन्याची फक्की टाकून आखणी करायचं ठरलं. सगळा तांडा हजर होता. किसनसिंगने दोरी धरली आणि सलोनीने टेप. जुन्या दाराची चौकट होती तिथेच नव्या दाराची खूण करायची होती, आणि त्यात एक बोटही इकडेतिकडे चालणार नव्हतं. किसनसिंग हळूच म्हणाला, "मॅडम, तुमी बसंतीच्या घरात जाऊन बसा. मी इथं काठी उभी करतो." सलोनी चुलीपाशी जाऊन बसली. पाइपातून पाहिलं, हाताने खूण केली, पण ती खूण पाइपातून कोणाला दिसणार? शेवटी सलोनी पाइपातून सांगू लागली आणि बसंतीबाई भिंतीबाहेर उभी राहून तेच ओरडू लागली, "डावीकडं! आणखी! बस!" हंसाबाई लिंबाखाली बसून, हे सगळं कशासाठी चाललंय याची काहीच कल्पना नसल्यासारखा चेहरा करून शेंगा फोडत होती.

फक्की टाकून झाली. लोक पांगले. सलोनी टेप गुंडाळत होती, तेवढ्यात हंसाबाईने तिला बोलावलं.

"एक काम हाये तुह्याकडं. माह्या घराले बी एक पाइप पाह्यजे."

"पण आजी, तुमचं तर दारच आत हाये. सगळं दिसेल की."

"इकडच्यासाठी नाई." म्हातारीने काठीने पाण्याच्या टाकीकडे दाखवलं. "त्या बाजूच्या भिंतीत. तो किसनसिंग एकटाच राह्यते तिकडं. बायको गेली, पोरगी दिग्रसले. त्याच्या घरावर कोणाचा पाइप हाये का? तू त पाह्यले ना सगळे."

सलोनीने वही उघडली. अकरा घरं, अकरा तिरप्या रेघा, सगळ्या एका दाराशी येऊन मिळालेल्या. टाकीकडे एकही रेघ जात नव्हती.

"नाही आजी. एकही नाही."

"पाह्य. अकरा भिंती फोडल्या त्यानं, पण सोताचं ध्यानातच नाई आलं त्याच्या."

"पण तुम्हाले तेवढ्या लांबचं दिसेल का?"

"दार उघडं का बंद, एवढं समजते. त्याचं दार पांढरं हाये, उघडलं की काळं होते. बस झालं." मग ती सलोनीच्या कानाशी वाकली. "पण बसवाले त्यालेच सांगावं लागंल. दुसरा गवंडी कुठून आणू? तू सांग त्याले, का उजेडासाठी हाये."

सलोनी किसनसिंगकडे गेली. तो दोरीचा गुंडा करत होता. "मामा, हंसाबाईच्या टाकीकडल्या भिंतीत एक पाइप ठेवा म्हणते आजी. बाजेच्या उंचीवर. उजेडासाठी."

किसनसिंगने दोरी खाली ठेवली. टाकीकडे पाहिलं, आपल्या घराच्या पांढऱ्या दाराकडे पाहिलं, मग लिंबाखाली बसलेल्या म्हातारीकडे. हाताच्या भेगांतला चुना अंगठ्याने खरवडत राहिला.

"किती तिरपा ठेवू?" त्याने शेवटी विचारलं.

"बाज टाकल्यावर पाहू," सलोनी म्हणाली. "जोत्याच्या फोटोले येईन तेव्हा मी बसून पाह्यते."